त्रेपन्नावं पान

कळंबच्या कौसल्येला पत्ते खेळता येत नाहीत. झब्बू नाही, मेंढीकोट नाही, काही म्हणता काही नाही. बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. जेवणाच्या सुट्टीत बाया पानं वाटायला बसल्या की ही आपला डबा उचलून नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायची. नवी बाई कामाला लागली की विचारायची, ह्या अशा का हो? मग कुणीतरी तिच्या कानाला लागायचं, की हिनं सासरी जोकर चोरला होता म्हणून. पत्त्यातला जोकर. आता सांगा, माणसानं सोनं चोरलं, शेळी चोरली, तर निदान ऐकायला तरी बरं वाटतं. हे ऐकून लोक आधी हसायचे, मग चोरून तिच्याकडं बघायचे, आणि त्या दिवसापासून आपली पर्स जवळ ओढून ठेवायचे.

जळोचीच्या ज्या घरात तिला दिलं होतं ते घर बागायतदाराचं. ऊस, कारखान्याचं सभासदत्व, दारात ट्रॅक्टर. घरात चालायचं ते थोरल्या दिराचं, नीळकंठरावांचं. आणि नीळकंठरावांची सगळी मिजास एका चंदनी डबीत होती. त्या डबीत ‘साहेबाचा कॅट’. नीरेच्या कालव्याची मापं घ्यायला आलेला कुणी गोरा साहेब म्हणे यांच्या खापरपणजोबांच्या मळ्यात तंबू ठोकून राहिला, आणि जाताना आपल्या बापाच्या वेळचा पत्त्यांचा कॅट त्यांना देऊन गेला. पाहुणा आला की चहाच्या आधी डबी यायची. पाहुण्यानं अरे वा म्हटलं की मगच कपबशी पुढं सरकायची.

डबी ठेवलेल्या काचेच्या कपाटाची पुसपास नव्या सुनेकडं आली. कौसल्येनं एकेक पान कोरड्या फडक्यानं टिपलं होतं. तिला ते पत्ते मोठे विचित्र वाटले. राजा पार पायातल्या जोड्यापर्यंत उभा, पान उलटं धरलं की बिचारा डोक्यावर उभा. कोपऱ्यात आकडा नाही, अक्षर नाही. मागची बाजू कोरी, पांढरी. कोपरे असे टोकदार की बोटाला टोचायचे.

त्याच आठवड्यात पुण्याचे एक प्राध्यापक पाहुणे आले. त्यांनी चष्मा पुसून पानं मोजली आणि विचारलं, बावन्न आहेत, मग जोकर कुठाय, जोकराशिवाय कॅट पुरा कसा? झालं. आता नीळकंठरावांनी काय म्हणावं? ठाऊक नाही म्हणावं ना. पण ठाऊक नाही हे शब्द त्या माणसाच्या जिभेला कधी शिवलेच नव्हते. ते फाडकन म्हणाले, होता की, आमच्या लहानपणी आम्ही त्याच्याशी खेळलोय. एकदा होता म्हटल्यावर मग तो गेला कुठं हे आलं, आणि कपाटाला शेवटचा हात कुणाचा लागला हेही आलंच.

कौसल्येची ट्रंक अंगणात आणून पालथी केली. तिच्या लुगड्यांच्या घड्या, आतले कपडे, आईनं दिलेली पितळी फणी, सगळं गड्यामाणसांच्या देखत मातीत. जोकर निघाला नाही. मग कळंबहून तिच्या वडिलांना, रामहरीतात्यांना बोलावणं धाडलं. तात्या पडवीच्या खाली उभे. त्यांना कुणी बस म्हटलं नाही. नीळकंठरावांनी ताटात बेलभंडारा आणून ठेवला आणि कौसल्येला तो उचलायला लावला. खंडोबाचा भंडारा उचलून माणूस बोललं की विषय तिथं संपतो, ही आपल्याकडची रीत. तिनं उचलला, मी घेतला नाही म्हणून शपथ वाहिली. नीळकंठराव तात्यांकडं बघून म्हणाले, “पोरीला चोरी शिकवलीच हुती, आता खोटी शपतबी शिकवून धाडली व्हय?” तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि खाली बघत राहिले. तिचा नवरा माऊली खांबाला टेकून उभा होता, तोंडात मिठाची गुळणी धरून. त्यानं पुढं दुसरं लग्न केलं. त्याचं नाव या गोष्टीत परत यायचं कारण नाही, तो असूनही नव्हताच.

तेव्हा कौसल्येला दिवस गेले होते. महिन्याभरात पोट पडलं. घरातल्या बाया म्हणाल्या, खोटा भंडारा उचलला, देवानं दाखवून दिलं. अंगावर रक्त असताना तिच्या कानावर हे पडलं, आणि चार दिवसांत तिला माहेरी आणून सोडलं. तात्या त्यानंतर कधी बारामतीच्या बाजाराला गेले नाहीत. मीठमिरची असो नाहीतर बैलाचं दावं, लागेल ते इंदापूरहून आणायचे. कुणी विचारलं तर इंदापुरात स्वस्त मिळतं म्हणायचे. असंच म्हणत म्हणत एक दिवस गेले.

बाई रडून रडून झिजली असेल असं तुम्हाला वाटेल. छे. कौसल्या एकदा रडली, पुन्हा नाही. तिनं नोकरी धरली, धाकट्या भावाच्या, दत्तोबाच्या, घरावर स्लॅब टाकायला हातभार लावला, त्याचं लग्न करून दिलं. पण आत एक निखारा होता आणि त्याच्यावर राख धरू द्यायची नाही, एवढंच तिचं व्रत. जळोचीकडचं लग्न असो, बारसं असो, दोन्हीकडची नातेवाईक द्वारकाबाई हटकून तिला गाठायची आणि नीळकंठरावांचा निरोप सांगायची. निरोप ठरलेला. जोकर आणून दे, चुकले म्हण, आमचं मन मोठं हाय, झालं गेलं विसरू. आग लागो त्या मनाला. कौसल्या काही न बोलता द्वारकाबाईला पानसुपारी द्यायची.

जवळजवळ तीस वर्षं अशी गेली. मग परवाच्या संक्रांतीला कारखान्यातल्या लॅबच्या अश्लेषा मॅडमनी पॅकिंगच्या सगळ्या बायांना हळदीकुंकवाला घरी बोलावलं. भिगवण रस्त्याला त्यांचा फ्लॅट. बाया वाणाचे डबे बघण्यात गुंतल्या आणि कौसल्या भिंतीसमोर थबकली. भिंतीवर देवाच्या तसबिरी लावाव्यात तशा चौकटीत पत्ते लावलेले. गोल गंजिफा, लांबट पत्ते, पिवळे पडलेले पत्ते. मॅडमचे यजमान, कुशल, बँकेत अधिकारी, त्यांना जुने पत्ते जमवायचा नाद. कुणीतरी आपणहून बघतंय म्हटल्यावर माणूस खुलला. मावशी, पत्त्याचं वय कसं ओळखायचं सांगू का, म्हणाला, आणि सांगतच सुटला. कोपऱ्यात आकडा असला तर पान फार जुनं नाही, ती सोय मागाहून आली. कोपरे गोल असले तरी तेच. राजाला वर एक खाली एक अशी दोन डोकी असतील तर अलीकडचा, पायापर्यंत उभा असेल तर त्याच्या आधीचा. पाठ कोरी असली तर आणखी आधीचा. विलायती कॅट असेल तर इस्पिकचा एक्का बघायचा, कारण सरकार पत्त्यांवर कर घ्यायचं आणि त्याचा छाप एक्क्यावर असायचा.

कौसल्येच्या डोळ्यांपुढं ती चंदनी डबी उभी राहिली. पायापर्यंत उभा राजा, कोरी पाठ, टोचणारे कोपरे. तिनं विचारलं, आणि जोकर?

“जोकर सगळ्यात धाकटा, मावशी,” कुशल म्हणाला. “तो अमेरिकेत जन्मला, अठराशे साठच्या आसपास. तिकडं एक खेळ होता, त्यात सगळ्यांवर मात करणारं एक जादा पान पाहिजे होतं, म्हणून काढला. त्याच्या आधी जगातल्या कुठल्याही कॅटमध्ये जोकर नव्हता.” आणि हसून त्यानं पुढं सांगितलं, की सुरुवातीला त्या पानावर विदूषकही नव्हता. त्या खेळातल्या बड्या पानाचं नाव मूळ जर्मन शब्दावरून आलेलं, आणि त्या शब्दाचा अर्थ शेतकरी. म्हणजे बघा, राजाच्या डोक्यावर कुणबी बसवला होता. टोपीघुंगरांचा विदूषक नंतर कधीतरी त्यावर आला.

कुणब्याचं कौसल्येनं ऐकलंसुद्धा नाही. तिच्या कानात एकच वाक्य राहिलं. जोकर नव्हताच. हरवला नव्हता, चोरला नव्हता, उंदरानं नेला नव्हता. जे पान त्या कॅटसाठी कुणी कधी छापलंच नाही, त्याच्यापायी तिची ट्रंक मातीत पालथी झाली, तिच्या बापानं टोपी काढली, तिचं पोर गेलं आणि वर देवानं शिक्षा दिली म्हणून लोकांनी बोट दाखवलं. तिळगूळ हातात तसाच धरून ती खाली आली आणि सोसायटीच्या फाटकाशी हसायला लागली. हसू थांबेना. वॉचमन पाणी घेऊन आला.

हसू ओसरल्यावर राग आला, आणि तो साधा राग नव्हता. सरळ जळोचीला जाऊन सांगता आलं असतं. पण मग नीळकंठराव काय म्हणाले असते? अरेच्चा, असं हाय का, चूक झाली बुवा, चहा टाका. बंद खोलीत एक कप चहा, आणि तीस वर्षांचा निकाल लागला. नाही. तिच्या बापाची मान माणसांत खाली गेली होती. याचीही माणसांतच जायला पाहिजे, आणि ती यानं स्वतःच्या तोंडानं घालवली पाहिजे. तिला त्या माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. ठाऊक नाही हे शब्द तो अजूनही शिकला नसणार, एवढ्या एका गोष्टीवर तिनं सगळं लावायचं ठरवलं.

रविवारी ती पुण्याच्या जुन्या बाजारात गेली. एका फळकुटावर सुटे पत्ते, चाव्या, बिल्ले पडले होते. त्यातून तिनं एक जोकर उचलला. घुंगरांची टोपी घातलेला, पिवळट, गोल कोपऱ्यांचा. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं त्याच्या एका कोपऱ्याला अंगठ्यानं दाबून चांगली ठसठशीत दुमड पाडली. दुमड पडल्यावर तो जोकर कुणाच्यातरी ओळखीचा वाटायला लागला. मग तिनं तो रुमालात बांधला.

द्वारकाबाईला तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, की बारामतीत कुशल नावाचे साहेब जुन्या पत्त्यांचं वय सांगतात, भल्या भल्या ठिकाणी त्यांना बोलावतात. दुसरी, की आता वय झालं, मनावर ओझं नको, भावजींना सांग, जोकर परत करते. द्वारकाबाई चहा अर्धा टाकून उठली. संध्याकाळपर्यंत जळोचीहून उत्तर आलं. नीळकंठरावांचा अमृतमहोत्सव होता, मुलगा ऋषिराज बारामतीत हॉल घेऊन मोठा सत्कार करणार होता. कौसल्येनं तिथंच यावं, स्टेजवर चारचौघांत जोकर द्यावा, चारचौघांत तिला माफ करण्यात येईल. घरी गुपचूप घेतला असता तर हा माणूस वाचला असता. पण टाळ्या कोण सोडतो?

या सगळ्यात एकच गोष्ट तिला भारी पडली. दत्तोबा. आमच्या आक्कानं घेतला न्हाय, म्हणून तो लहानपणापासून भांडत आला होता. शाळेत डोकी फोडली, एकदा गावच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्ची उचलली. त्याला हे कळलं आणि तो घरी येऊन तिच्यासमोर बसला. त्यानं एवढंच विचारलं, “आक्का, म्हंजी तूच घेतला हुतास?” दत्तोबाच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला खरं सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत ते जळोचीला पोचलं असतं. कौसल्या भाकरी थापत राहिली आणि म्हणाली, “व्हय.” तो उठला, तात्यांच्या फोटोला तिनं घातलेला हार त्यानं काढून घेतला आणि गोठ्यात जाऊन बसला. सत्काराच्या दिवसापर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिला वाटलं, डाव फसला तर नाव तर जाईलच, भाऊही जाईल. मग रोज उठून तिला पुन्हा मन घट्ट करावं लागलं.

हॉल गच्च भरला होता. फेटे, शाली, पेढे, मोठा स्क्रीन. कौसल्या धुतलेलं साधं लुगडं नेसून आली आणि दत्तोबा तिच्या मागं चार खुर्च्या सोडून बसला. तो का आला हे त्यालाही सांगता आलं नसतं. स्टेजवर काचेच्या पेटीत चंदनी डबी, शेजारी कुशल. ऋषिराजनं त्याला कॅटचं वय जाहीर करायला मानानं बोलावलं होतं. आधी कौसल्येचं नाव पुकारलं. ती वर गेली, रुमाल सोडला, जोकर नीळकंठरावांच्या हातावर ठेवला. खाली कुजबूज झाली. तिनं मान खाली घातली, हसू दिसू नये म्हणून.

नीळकंठरावांनी माईक घेतला. म्हणाले, मन मोठं पाहिजे. म्हणाले, पुरुषानं क्षमा करायला शिकलं पाहिजे. मग पान स्क्रीनवर दिसेल असं उंच धरलं, आणि तिला हवं होतं ते म्हणाले. “हाच तो. हजारात ओळखीन. ही कोपऱ्याची दुमड बघा, सातवीत असताना माझ्याच हातनं पडली. वडलांनी मारलं हुतं मला.” आणि खरं सांगायचं तर त्यांचे डोळे भरून आले. खोट्या आठवणीवर माणूस इतकं खरं रडू शकतो. टाळ्या पडल्या.

मग कुशलनं हातमोजे चढवले. पानं पसरली, एक्का दिव्याखाली धरला, आणि त्याचा आवाज बदलला. अस्सल विलायती, म्हणाला, एक्क्यावरचा कराचा छाप बघता अठराशे तीस ते साठच्या मधला, एकसुद्धा पान न हरवता राहिलेला. बारामतीत असं काही असेल असं वाटलं नव्हतं. नीळकंठराव फुलले. मग कुशलनं जोकर उचलला, उलटा केला, खाली ठेवला.

“हे पान यातलं नाही,” तो म्हणाला. “हे बरंच अलीकडचं आहे. हा कॅट छापला तेव्हा जोकर हा प्रकारच नव्हता. बावन्न पानांवर हा पूर्ण आहे. यातून कधी काही हरवलेलंच नाही.”

ऋषिराज बापाकडं बघत होता. नीळकंठराव म्हणाले, असं कसं, तुमी नीट बघा, मी खेळलोय याच्याशी. कुशलनं नम्रपणे पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा कौसल्येनं माईकला हात घातला. माईक तिनं जन्मात पहिल्यांदा धरला होता.

“भावजी, ती दुमड मी ह्याच म्हयन्यात एसटीत पाडली. पान पुण्याच्या जुन्या बाजारातलं हाय. तीस वर्सं तुमी माझ्याकडनं जोकर मागत हुता, म्हनून इकत घिऊन आले. तुमी ओळखलातबी.”

आधी मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं. मग सगळा हॉल हसला. अमृतमहोत्सवी सत्कारमूर्ती हातात फेट्याचं टोक धरून उभी, आणि मागं स्क्रीनवर तो घुंगरांच्या टोपीचा जोकर हत्तीएवढा. दत्तोबा खुर्चीवर चढून उभा होता आणि हमसून हमसून रडत होता. कौसल्या पायऱ्या उतरली, त्याच्या दंडाला धरून त्याला खाली घेतलं आणि बाहेर नेलं. वाटेत बाया तिला वाट करून देत होत्या. तिला गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं.

पुढं काय व्हायचं ते झालं. जळोचीत पोरं नीळकंठरावांना बघून जोकर आला म्हणायला लागली. माणूस बाजारात जायचा बंद झाला. आणि चैत्रात एक दिवस त्यांची गाडी कळंबला कौसल्येच्या दारात येऊन उभी राहिली. एकटेच आले होते, हातात साडीचोळीची पिशवी. दत्तोबा उठून शिव्या घालायच्या बेतात होता, कौसल्येनं त्याला डोळ्यानं बसवला. तिनं पाहुण्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा केला. तिच्या बापाला यांच्याकडं जे मिळालं नव्हतं ते सगळं दिलं.

नीळकंठराव म्हातारे दिसत होते. झोप लागत नाही म्हणाले. ते पोटातलं पोर सारखं मनात येतं म्हणाले. बशी खाली ठेवून त्यांनी हात जोडले. “कौसल्या, माझं चुकलं. एकदा तोंडानं माफ केलं म्हन. मग मी मरायला मोकळा.”

कौसल्येनं आपल्या आत बघितलं. मनापासून बघितलं, कारण म्हातारा खरं बोलत होता हे तिला दिसत होतं. मग तिनं पिशवी उचलून परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

“भावजी, तवा तुमी जोकर मागितला, तो माझ्यापाशी न्हवता. आता माफी मागताय, तीबी न्हाय. आसती तर दिली आसती.”

ते पिशवी घेऊन उठले आणि गाडीकडं गेले. तिनं कपबशी उचलली आणि विसळायला नळावर नेली.